कागदावरचे प्राणी : जुनी चित्रकार्डे आणि छापचित्रे यांचा संग्रह

जुनी पोस्टकार्डे आणि छापील चित्रे जमवणारे संग्राहक बहुधा एकच विषय धरून चालतात. कुणी फक्त रेल्वे स्थानकांची कार्डे घेतो, कुणी किल्ल्यांची, कुणी नाटकमंडळींची. प्राणी हा त्यांतला मोठा विषय. त्याच्याही पुढे शाखा फुटतात : हत्ती, उंट, गाय, वाघ, गेंडा. परदेशांत तर केवळ लामा या एका प्राण्याची कार्डे आणि चित्रे जमवणारेही आहेत. पश्चिम भारतात असा संग्रह करायचा तर लामाच्या जागी इथला प्राणी येतो, आणि त्याचे साहित्य गोवा, पुणे, लोणावळा, मुंबई आणि दमण-नगर हवेली या पट्ट्यातच सापडते. आमली-सिल्वासासारख्या गावी राहणाऱ्याला तर ब्रिटिश आणि पोर्तुगीज अशा दोन्ही राजवटींचे कागद जवळचे आहेत.

एकच प्राणी कशासाठी?

लामा हा उंटाच्या कुळातला, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला ओझेवाहू प्राणी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक पेरूत पोचल्यावर युरोपच्या ग्रंथांत त्याची चित्रे येऊ लागली. पोतोसीच्या खाणीतली चांदी वाहून नेणारे लामांचे तांडे सतराव्या शतकाच्या आरंभी थिओडोर द ब्राय यांच्या प्रवासवर्णनांच्या मालेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले गेले. अठराव्या शतकात फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफों यांच्या प्राणिवर्णनाच्या ग्रंथात लामाचे स्वतंत्र चित्र आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेरू आणि बोलिव्हियातील छायाचित्रकारांनी लामांचे तांडे पोस्टकार्डांवर आणले, तर युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांनी मुलांची गाडी ओढणाऱ्या लामाची कार्डे विकायला ठेवली. म्हणजे एका प्राण्याचा माग काढता काढता खाणकाम, निसर्गविज्ञान, छायाचित्रण आणि पर्यटन असे चार विषय हाती लागतात.

विषय आखून घेण्याचा दुसरा फायदा व्यवहारातला आहे. जे जुने दिसेल ते घेणाऱ्याचे पैसे आणि जागा दोन्ही लवकर संपतात. एकच विषय घेणारा हळूहळू त्या विषयाचा जाणकार होतो. कोणते कार्ड नेहमी मिळते, कोणते क्वचित, कोणते चित्र पुन्हा छापलेले आहे, हे त्याला विक्रेत्याच्या आधी कळू लागते.

गोव्याहून निघालेला गेंडा

प्राण्यांच्या छापचित्रांतले जगातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र या पश्चिम किनाऱ्याशी जोडलेले आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. 1515 च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजावर चढवला गेला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. युरोपने रोमन काळानंतर प्रथमच जिवंत गेंडा पाहिला. जर्मनीतील न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने मात्र तो पाहिलाच नाही. लिस्बनहून आलेले वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशाचे चित्र तयार केले. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि मानेवर एक जादा शिंग आहे. पुढे पोर्तुगालच्या राजाने तो गेंडा पोपकडे रवाना केला, पण 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. चुकीचे चित्र मात्र दोनशेहून अधिक वर्षे युरोपच्या प्राणिग्रंथांत खरे मानले गेले.

संग्राहकाने या चित्रापासून पहिला धडा घ्यायचा तो आवृत्तीचा. ड्यूरर 1528 मध्ये वारला, पण त्याचा ठसा नंतरही अनेक वर्षे वापरात राहिला. तो झिजत गेला, त्याला चिरा पडल्या, आणि त्या चिरा नंतरच्या प्रतींवर पांढऱ्या रेघांच्या रूपाने उमटल्या. तेव्हा ‘ड्यूररचा गेंडा’ म्हणून पुढे आलेला कागद त्याच्या हयातीतला, मरणोत्तर छपाईचा की अलीकडचा छायाचित्रित पुनर्मुद्रणाचा, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. हाच प्रश्न प्रत्येक छापचित्राला लागू पडतो.

महाराष्ट्रातला गेंडा पेशव्यांच्या शिकारखान्यात होता. पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने 1790 च्या सुमारास तिथल्या गेंड्याची आणि इतर प्राण्यांची चित्रे काढली. तांबटांनी समोर उभा असलेला प्राणी पाहून काढलेला गेंडा ड्यूररच्या गेंड्याहून कितीतरी खरा आहे. मॅलेटने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारालाही पुण्यात आणले. तांबटांची अनेक चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. ही हाताने काढलेली मूळ चित्रे असल्यामुळे ती बाजारात मिळण्याचा प्रश्न नाही. संग्राहकाच्या आवाक्यात येतात ती त्याच काळातल्या पुस्तकांतली छापील चित्रे. मुंबई आणि गुजरातेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत अठराव्या शतकात राहिलेल्या जेम्स फोर्ब्स याचे ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हे चार खंडांचे पुस्तक 1813 मध्ये लंडनला निघाले. त्यात इथले पक्षी, वनस्पती, प्राणी यांची चित्रे आहेत, आणि त्यांतली कित्येक छापल्यावर हाताने रंगवलेली आहेत.

अशी सुटी पाने बाजारात येतात ती बहुतेक वेळा पुस्तक फाडून. एका ग्रंथाची पन्नास पाने वेगवेगळी विकली तर विक्रेत्याला जास्त पैसे मिळतात, पण ग्रंथ कायमचा नष्ट होतो. जाणते संग्राहक पूर्वीच सुटी झालेली पाने घेतात आणि शाबूत पुस्तक फाडायला कुणालाही सांगत नाहीत.

मळवलीचा छापखाना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिळाछपाईने चित्र घराघरात नेले. पुण्यात 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला आणि देवादिकांची व मराठेशाहीतल्या पुरुषांची रंगीत चित्रे विकायला आणली. चित्रकार राजा रविवर्मा (1848–1906) यांनी 1894 मध्ये मुंबईजवळ घाटकोपरला आपला छापखाना सुरू केला. प्लेगच्या साथीत मुंबईत काम करणे अवघड झाले, तेव्हा 1899 मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. पुढे काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. छापखाना पुढे अनेक दशके चालला. 1972 मध्ये लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली.

या चित्रांत प्राणी जागोजागी आहेत : लक्ष्मीचा हत्ती, सरस्वतीचा मोर, दमयंतीपुढचा हंस, शकुंतलेचे हरिण, दत्ताच्या पायाशी गाय आणि कुत्रे. केवळ प्राण्यावर केंद्रित असलेले आणि इतिहासातही महत्त्वाचे ठरलेले चित्र गाईचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गोरक्षणाच्या चळवळीत गाईच्या देहात चौऱ्यांशी देवता दाखवणारी चित्रे गावोगाव गेली, आणि रविवर्मा छापखान्यानेही असे चित्र काढले. सरकारी अधिकारी अशा चित्रांकडे संशयाने पाहत. एका प्राण्याचे चित्र राजकीय कागद कसे होते, ते या प्रकारात स्पष्ट दिसते.

त्या वेळच्या शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे. एकेका चित्रासाठी अनेक शिळा एकावर एक अचूक बसवाव्या लागत. रंग जरासा सरकला की कडेला दुहेरी रेघ दिसते. काही घरांत ही चित्रे जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून सजवली जात. अशी सजवलेली प्रत खराब समजून टाकून देऊ नये. ती वापराची साक्ष असते. खालच्या समासातले छापखान्याचे नाव आणि गाव कात्रीने कापलेले नसेल तर काळ ठरवायला त्याचा उपयोग होतो.

गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यांवर आणि काड्यापेट्यांवर चिकटवलेली रंगीत लेबले हाही याच शिळाछपाईचा स्वस्त आणि मनोरंजक भाग. हत्ती, वाघ, मोर यांची खूण पाहून वाचता न येणारे गिऱ्हाईकही आपला माल ओळखे. थोडक्या पैशांत सुरुवात करणाऱ्याला लेबलांचा संग्रह सोयीचा पडतो.

पाव आण्याचे कार्ड

पोस्टकार्ड जगात प्रथम ऑस्ट्रिया-हंगेरीने 1 ऑक्टोबर 1869 रोजी काढले. भारतात ते 1 जुलै 1879 रोजी आले आणि त्याची किंमत पाव आणा होती. त्यावर चित्र नव्हते, फक्त राणी व्हिक्टोरियाचा छापील शिक्का आणि लिहायला जागा. चित्राची कार्डे 1890 नंतरच्या दशकात रुळली, आणि साधारण 1900 ते पहिले महायुद्ध हा त्यांचा भरभराटीचा काळ ठरला. छायाचित्रे वर्तमानपत्रांत फारशी छापली जात नसताना आणि टेलिफोन मोजक्या घरांत असताना चित्रकार्ड बातमी, आठवण आणि पत्र ही तिन्ही कामे करी.

मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनी आणि फोटोटाइप कंपनी यांनी शहराची अगणित कार्डे काढली. लंडनची राफाएल टक अँड सन्स ही कंपनीही मुंबईच्या दृश्यांची रंगीत कार्डे विके. कोल्हापूरला जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तिथेच शिक्षक झालेले म. वि. धुरंधर (1867–1944) यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची चित्रे कार्डांसाठी काढली. त्यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र त्या काळच्या कलाजगतात शिरण्याची उत्तम वाट आहे.

या कार्डांवर प्राणी दोन तऱ्हांनी येतात. एकात तोच विषय असतो : सजवलेला हत्ती, उंटगाडी, गारुड्याचा नाग. दुसऱ्यात तो अभावितपणे चौकटीत आलेला असतो : ट्रामचे घोडे, कापसाच्या गाठी वाहणारे बैल, पखालीचा बैल. इतिहासाच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार अधिक बोलका आहे. मुंबईत विजेची ट्राम 1907 मध्ये सुरू झाली. म्हणून घोड्याच्या ट्रामचे छायाचित्र त्याआधीचे किंवा त्या सुमाराचे, हे कार्डावरचे एक अक्षरही न वाचता सांगता येते. मात्र छायाचित्राचा काळ आणि कार्ड छापल्याचा काळ एकच असतो असे नाही. लोकप्रिय छायाचित्रे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापली जात.

भायखळ्याची राणीची बाग 1862 मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि तिच्या आवारातले वस्तुसंग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 मध्ये. या बागेत प्राणिसंग्रहालय असल्यामुळे तिचे जुने नाव, ‘व्हिक्टोरिया गार्डन्स, बॉम्बे’, असा मजकूर असलेली कार्डे या विषयाच्या संग्राहकाने आवर्जून पाहावीत.

नगर हवेलीचे टपाल

दादरा आणि नगर हवेली मराठ्यांशी झालेल्या करारानंतर 1783 ते 1785 या काळात पोर्तुगिजांकडे गेली. त्यामुळे इथल्या जुन्या टपालावर ब्रिटिश भारताची नव्हे, पोर्तुगीज भारताची तिकिटे लागत. ती 1871 पासून निघाली. त्यांचे मूल्य रेइस, तांगा आणि रुपिया यांत असे. राजवट ओळखायला तिकीट उपयोगी पडते : 1910 पर्यंतच्या बऱ्याच तिकिटांवर पोर्तुगीज राजांची मुखचित्रे, त्या वर्षी राजेशाही संपल्यावर जुन्याच तिकिटांवर ‘रेपुब्लिका’ असा जादा छाप.

चित्रकार्डांचा व्यवसाय गोव्यात एकवटला होता. ‘सौझा अँड पॉल, नोव्हा गोवा’ हे नाव गोव्याच्या जुन्या छायाचित्रांवर आणि कार्डांवर आढळते. नोव्हा गोवा म्हणजे पणजी.

सिल्वासाच्या बाबतीत गावाचे नाव फसवते. 1885 मध्ये नगर हवेलीचे मुख्यालय दरारा येथून सिल्वासाला हलवले गेले आणि त्याच वर्षीच्या हुकुमाने गावाला ‘विला द पासो द आर्कुश’ असे अधिकृत नाव मिळाले. याच नावाचे गाव लिस्बनजवळही आहे. त्यामुळे ‘पासो द आर्कुश’ हा मजकूर दिसला की तिकीट, शिक्का आणि पत्ता पाहूनच कागद पोर्तुगालचा की नगर हवेलीचा हे ठरवावे.

1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्तिसैनिकांनी दादरा, नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा ताब्यात घेतले. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे असे अनेक मराठी लोक त्या लढ्यात होते. 1961 मध्ये भारतात विलीनीकरण होईपर्यंत इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला. या संधिकाळात पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा इंग्रजी छाप मारून ती वापरली गेली. टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांना ती मोलाची वाटतात. म्हणूनच सावध राहावे : जुन्या तिकिटावर नवा छाप मारणे सोपे असते. तिकीट पाकिटावर किंवा कार्डावर असेल आणि शिक्क्याची तारीख जुळत असेल तरच त्यावर विश्वास ठेवावा, आणि मोठी रक्कम देण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्यावे.

भिंगाखाली काय दिसते

संग्राहकाचे खरे हत्यार म्हणजे दहापट मोठे दाखवणारे भिंग. कागद कोणत्या पद्धतीने छापला हे त्यातून कळते, आणि पद्धत कळली की काळाचा अंदाज बांधता येतो.

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो आणि शाईच्या रेघा बोटाला किंचित वर आलेल्या जाणवतात. जुन्या शिळाछपाईत रंगांचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे असतात. कॉलोटाइप या पद्धतीत ठिपके नसतात, बारीक सुरकुत्यांसारखी दाणेदार जाळी दिसते. पहिल्या काळातली पुष्कळ चांगली कार्डे अशी छापलेली आहेत. हाफटोनमध्ये ठिपक्यांच्या सरळ, समान अंतराच्या ओळी असतात. खऱ्या छायाचित्राच्या कार्डात ठिपका कुठेच नसतो, आणि जुने असेल तर गडद भागांत चंदेरी झाक आलेली असते. निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची एकसारखी फुले दिसली तर तो आधुनिक ऑफसेट छपाईचा कागद. तो कितीही पिवळा पडलेला असला तरी रविवर्म्यांच्या काळचा नव्हे. चहाच्या पाण्यात बुडवून कागद जुना दाखवण्याची युक्ती बाजारात सर्रास चालते. भिंगाखाली ती टिकत नाही.

कार्डाची पाठ तितकीच महत्त्वाची. आरंभी पाठीमागे फक्त पत्ता लिहिण्याची परवानगी होती, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला दिसतो. ब्रिटनने 1902 मध्ये पाठीचे दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहू दिला. जर्मनीत 1905, अमेरिकेत 1907 मध्ये तसे झाले, आणि भारतातही याच काळात ती पद्धत रूढ झाली. अखंड पाठ असलेले कार्ड म्हणूनच बहुधा त्याआधीचे असते. टपालशिक्का तारीख आणि गाव सांगतो, तिकिटावरचा राजा काळाची मर्यादा आखतो, आणि मजकूर कधी प्लेगची, कधी पावसाची, कधी युद्धाची बातमी देतो. तिकिटे जमवणाऱ्यांनी पूर्वी कित्येक कार्डांवरची तिकिटे सोलून काढली. असे कार्ड चित्र म्हणून चालेल, पुरावा म्हणून अपुरे ठरते.

पावसाळी हवेत जतन

दमणगंगेच्या खोऱ्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. कोकणात आणखी जास्त. कागदाचे तीन शत्रू या हवेत फोफावतात : बुरशी, कसर आणि वाळवी. जुने लोक पोथ्या लाकडी फळ्यांत दाबून, लाल कापडात बांधून, वेखंड घालून ठेवत आणि उन्हाळ्यात उघडून पाहत. त्यामागचे सूत्र आजही तेच आहे : कागद कोरडा ठेवा आणि वरचेवर पाहा.

कार्डे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटांत ठेवावीत. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे प्लास्टिक काही वर्षांत कागदाला चिकटते आणि डाग पाडते. पेट्या आम्लरहित पुठ्ठ्याच्या असाव्यात, भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नयेत, आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलाव्यात. चिकटपट्टी, डिंक आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे, कारण त्यांतले काहीच कागदाची हानी केल्याशिवाय निघत नाही. चौकट करायची तर काच चित्राला टेकू देऊ नये आणि समोर थेट ऊन येऊ देऊ नये. बुरशी दिसली तर तो कागद लगेच वेगळा करावा, कोरडा होऊ द्यावा आणि मऊ कुंचल्याने मोकळ्या हवेत झाडावा. ओल्या फडक्याने पुसल्यास ती आणखी पसरते.

प्रत्येक कागदाची नोंद ठेवणे हेही जतनच. कुठून मिळाला, किती दिले, काय लिहिले आहे, कोणती छपाई, कोणते दोष, हे वहीत लिहावे. कागदावर पेनाने काही लिहू नये. लागलेच तर पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहावे. नोंदी नसलेला संग्रह मालकाच्या मागे रद्दीच्या भावाने जातो.

खरेदी आणि कायदा

मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, नाणी-तिकिटांची प्रदर्शने आणि रद्दीची दुकाने ही मिळण्याची नेहमीची ठिकाणे. गोव्यातल्या आणि दमणच्या जुन्या घरांतल्या पेट्यांतूनही कार्डे निघतात. किंमत विषय, दुर्मीळता आणि स्थिती यांवर ठरते. कोपरा मोडलेला, घडी पडलेली, समास कापलेला कागद बराच स्वस्त मिळतो. अभ्यासासाठी तो पुरेसा असतो.

भारतात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना 1972 चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा लागू होतो. अशा वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. रविवर्म्यांची मूळ चित्रे राष्ट्रीय कलानिधी म्हणून संरक्षित आहेत. छापील प्रती सर्वत्र मिळतात, तरी शंभर वर्षांहून जुनी प्रत परदेशी नातेवाइकांना पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

सुरुवात करणाऱ्याने एक प्राणी, एक प्रदेश आणि एक कालखंड ठरवावा, भिंग घ्यावे आणि विकत घेण्यापूर्वी आपल्याच घरची जुनी पत्रांची पेटी उघडावी. नगर हवेली, दमण आणि ठाणे-पालघरच्या कित्येक घरांत पोर्तुगीज काळातली पत्रे आणि देवघरातली शिळाछाप चित्रे अजून आहेत. ती रद्दीत जाण्याआधी नोंदवली आणि नीट ठेवली, तर या भागाचा मोठा इतिहास वाचेल.